मोठं पण मवाळ कुत्रं : तुमच्या घरचा अनुभव सांगा

गोदाकाठची

नाशिकला आमचं रो-हाऊस आहे, पुढे जेमतेम वीस बाय दहाचं अंगण. माणसं पाच: मी, नवरा, सहा वर्षांची लेक, साबा (सासूबाई) आणि ७४ वर्षांचे साबु (सासरेबुवा). साबुंच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन गेल्या वर्षी झालं. लेकीला कुत्रं हवंय यात नवीन काही नाही, नवल म्हणजे साबांनीच होकार दिला. ("दत्ताच्या पायाशी चार असतात, आपल्याकडे एक आलं तर काय बिघडलं?") अट एकच, अंगावर धावून जाणारं नको. नवऱ्याला मोठंच हवं, छोटं कुत्रं पायात येतं म्हणतो.

दोन महिने जातींची माहिती वाचतेय. सगळीकडे तेच: प्रेमळ, हुशार, मुलांशी छान. वधू-वर सूचक मंडळाची वही वाचल्यासारखं वाटतं, एकूण एक स्थळ निर्व्यसनी. म्हणून हा धागा. लॅब (लॅब्रेडॉर), गोल्डन, डेन, बर्नार्ड, जे काही मोठं घरात वाढवलं असेल त्याबद्दल लिहा. फजिती झाली असेल तर आधी ती लिहा.

निवांत_कोथरूड

लॅबबद्दल मी लिहितो, नऊ वर्षं झाली. आमच्या कुत्रीचं नाव मनी. नातवाने ठेवलं, तो तेव्हा तीन वर्षांचा होता आणि घरात त्याचंच चालतं.

शांत लॅब असते, पण ती तिसऱ्या वर्षानंतर. पहिल्या दोन वर्षांत मनीने दोन चष्मे, सोफ्याचा एक हात आणि टीव्हीचा रिमोट संपवला. मुलांना ती कधीच चावली नाही, पण तीस किलोचं जनावर आनंदाने येऊन धडकलं की मूल आडवं होतंच. तुमच्याकडे खरा प्रश्न साबुंच्या गुडघ्याचा. मी स्वतः मांजरापायी ओढला जाऊन डांबरावर तोंडघशी पडलोय. नंतर छातीवर हुक असलेला हार्नेस घेतला, ओढणं पुष्कळ कमी झालं. तरी गुडघा बदललेल्या माणसाने पट्टा हातात धरूच नये असं माझं मत.

आता खाणं. गणपतीचा पहिला दिवस, सौ.ने एकवीस मोदकांची उकड मळून ओल्या फडक्याखाली झाकली आणि सारण बघायला वळली. वळली म्हणजे नुसती पाठ फिरवली. परत बघते तर परात ओट्यावरच, घासून ठेवल्यासारखी चकचकीत. फडकं मात्र सापडेना. ते दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत, मनीकडूनच परत मिळालं. आतड्यात अडकलं असतं तर पोट फाडावं लागलं असतं, असं डॉक्टरांनी सुनावलं.

केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की साधारण दर चार लॅबमागे एकीत 'पीओएमसी' नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो, त्यामुळे तिला खा-खा सुटते. सौ.ला हे कौतुकाने सांगितलं, तर म्हणाली, तुमचंही तपासून घ्या.

चिखलवाट

लॅबला +१. एक भर: पावसाळ्यात गोचीड. रोज संध्याकाळी कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली बघायचं. आमच्या लॅबने एके दिवशी पोळी नाकारली आणि आम्ही लगेच गाडी काढली. हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या, प्लेटलेट्स खाली. टिक फीव्हर. चार आठवडे गोळ्या चालल्या, वाचला. खादाड कुत्र्याचा हा एक फायदा, जेवला नाही की दुखणं लगेच कळतं.

बेदाणेवाला

आम्ही तासगावचे. गोल्डन रिट्रीव्हर आहे, नाव राजा, वय पाच. स्वभावाला तोड नाही. शेजारचं रांगतं पोर त्याच्या कानाला धरून उभं राहायला शिकलं, हा मान वाकवून तसाच थांबायचा.

फजिती नव्हे, जिवावरचं सांगतो. मार्च महिना, बेदाण्याचं शेड भरलेलं, निवडायला बायका बसलेल्या. राजा मधूनमधून फिरायचा, कुणी चार दाणे टाकायचं, आम्हीही हसायचो. गावात बेदाण्याला कोण विष म्हणणार? त्या दिवशी कुणाचं लक्ष नव्हतं आणि त्याने पाटीत तोंड घातलं. किती खाल्ले कुणास ठाऊक, पाटीत खड्डा पडला होता एवढं खरं. पुतणी व्हेटर्नरीला शिकते, तिला सहज फोनवर सांगितलं तर ती किंचाळलीच. "काका, आत्ताच्या आत्ता न्या, उद्यावर टाकू नका."

मिरजेला नेला. इंजेक्शन देऊन ओकारी काढली. काळपट लगदा पडला, त्यात फुगलेले दाणे ओळखू येत होते, आमच्याच मालाचे. दोन दिवस सलाईन, रोज क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी). द्राक्षं-बेदाण्यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड बंद पडू शकतं, आणि एखाद्याला थोडेही बाधतात. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल कारण असावं असं अलीकडे मानतात. त्याच्या जोडीला कांदा आणि चॉकलेटही लक्षात ठेवा. श्रीखंड, शिरा, प्रसादाचा पुडा, बेदाणा कुठेही असतो. राजा वाचला. शेडला आता जाळीचं दार आहे.

केसांचं काय ते तुम्ही वाचलंच असेल. ते खरं आहे, डाळीतसुद्धा सापडतो.

संत्रानगरी

मी लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. सेंट बर्नार्ड. नागपुरात. माझ्याच हट्टामुळे.

फोटोत बघून प्रेमात पडलो होतो. विकणारा म्हणाला, "हवामान सवयीने जमतं." जमत नाही. ज्या जातीला आल्प्सच्या खिंडीतल्या मठात, बर्फात घडवलं, तिला मे महिन्यातलं ४५ अंश कसलं जमणार? भीमाला फिरवायला पहाटे साडेचारला उठायचो. सात वाजता फरशी गरम. वाळ्याचा कूलर जूनपर्यंत चालला, पाऊस पडून दमट झालं की तो निकामी, मग एसी. आईच्या खोलीत एसी नव्हता, भीमाच्या खोलीत होता. यावरून घरात जे बोललं गेलं ते इथे लिहीत नाही. भादरून टाकलं तर थंड वाटेल म्हणून एका उन्हाळ्यात केस काढले. तेही चुकलं, कातडी भाजली. दोन थरांचे केस उन्हालाही अडवतात हे नंतर कळलं.

आणि लाळ. मान झटकली की भिंतीवर, पंख्याच्या पात्यावर, एकदा सत्यनारायणाच्या कलशावर.

स्वभावाने देवमाणूस. ७२ किलोचा, आणि मांजराचं पिल्लू त्याच्या ताटात जेवायचं. शेवटच्या वर्षी मागचे पाय गेले. चादरीची झोळी करून मी आणि भाऊ दिवसातून पाच वेळा उचलायचो. सातव्या वर्षी गेला. कुणी विचारलं तर मी त्याचे गुण सांगत नाही, नागपूरचं तापमान सांगतो.

आरेकाठी

संत्रानगरी, वाचून गलबललं. मी स्वित्झर्लंडमध्ये, बर्नला राहते. मठातला बर्फात माणसं शोधणारा तो प्रसिद्ध कुत्रा, बॅरी, इथल्याच निसर्गविज्ञान संग्रहालयात जतन करून ठेवलाय. १८०० ते १८१४ त्याचा काळ, चाळीसहून अधिक माणसं वाचवली असं सांगतात. गळ्यातला दारूचा पिंप मात्र चित्रकारांची करामत.

आमच्याकडे बर्नीज माउंटन डॉग आहे. पूर्वी ही कुत्री दुधाच्या गाड्या ओढून चीजवाल्यांकडे न्यायची. इथे एका वेतातल्या सगळ्या पिल्लांची नावं एकाच अक्षराने ठेवायची पद्धत आहे. आमच्या वेताला 'ओ' आला आणि आम्ही 'ओवी' सांगितलं. ब्रीडरबाईंनी अर्थ विचारला. जात्यावर गातात ते, म्हटलं. जातं म्हणजे काय, हे समजावण्यात चहा थंड झाला.

ओवीसारखं घरगुती कुत्रं मी पाहिलं नाही, सतत कुणाच्या तरी पायाला टेकून. पण ही जात अल्पायुषी, सात-आठ वर्षं, आणि कर्करोग फार. ओवी सहाची आहे. केस विंचरताना हाताला गाठ लागते का, एवढंच मी हल्ली बघते. भारतात मात्र कुणी कितीही गळ घातली तरी घेऊ नका. इथे २८ अंश झाले तरी ही न्हाणीघरात जाऊन पसरते.

सहावा_मजला

ग्रेट डेन. घरात सगळ्यात शांत जनावर तेच, दिवसभर सोफा अडवून झोपलेलं. पण लिहायला आलोय ते एका रात्रीबद्दल.

जेवून तासभर झाला असेल. टायगर ओकायचा प्रयत्न करतोय, पडतोय फक्त फेस. येरझाऱ्या घालतोय, बसवत नाही. पोटावर टिचकी मारली तर ढोलकीसारखा आवाज. पोट फुगून पीळ पडतो तो हा प्रकार, रुंद छातीच्या मोठ्या कुत्र्यांत जास्त. सकाळपर्यंत थांबलो असतो तर गेलाच असता. त्यात लिफ्ट बंद. साठ किलोचं कुत्रं, सतरंजीत घालून चौघांनी सहा मजले उतरवलं. त्यातले दोघे असे, की ज्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये आमच्याविरुद्ध अर्ज दिला होता.

ऑपरेशन झालं, जठर आतून पोटाच्या भिंतीला शिवलं, पुन्हा पीळ पडू नये म्हणून. मोठं कुत्रं घेण्याआधी रात्री दोनला उघडा असणारा दवाखाना शोधून ठेवा.

मराठवाडी_गडी

सगळी परदेशी स्थळं चाललीत म्हणून लिहितो. आमच्याकडं लातूरला कारवान, म्हणजे देशी शिकारी कुत्री असतेत. उंचीला लॅबहून जास्त, वजनाला कमी, ऊन सोसतंय, केसाचा त्रास नाही, डॉक्टरचं तोंड वर्षातून एकदा लशीला.

तरी ताई, तुम्ही घेऊ नका. घरच्या माणसांत अगदी गाय, पण परक्यानं डोक्यावरून हात फिरवलेला चालत नाही, आणि लेकीच्या मैत्रिणी तर येणार. त्याला रोज रान पाहिजे. ससा दिसला की हाक ऐकू येत नाही. तुमच्या अंगणाची भिंत ते एका उडीत पार करंल, मग नाशिकभर हुडकत बसा.

कंपाउंडर

घाईत आहे, तीनच गोष्टी. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७च्या नियमांनी बंदी आहे, तरी सर्रास पाच आठवड्यांची विकतात. आई दाखवत नसेल तर उठून या. दोन, पिल्लू मोठ्या जातीचं म्हणून कॅल्शियमच्या बाटल्या पाजू नका, जास्तीच्या कॅल्शियमने हाडं बिघडतात. तीन, पिल्लूच कशाला हवं? चार-पाच वर्षांची, शिकवलेली, लाडाची लॅब लोक बदली झाली, परदेशी निघालो म्हणून सोडतात. आमच्या दवाखान्याच्या फळ्यावर कायम एखादी चिठ्ठी असते.

गोदाकाठची

सगळ्यांना उत्तरं द्यायला उशीर झाला, कारण कंपाउंडर यांचा तिसरा मुद्दा नवऱ्याने फारच मनावर घेतला.

ब्रूनो, लॅब, साडेचार वर्षं. आधीचं कुटुंब कॅनडाला गेलं. आठवडाभर राहू दे, मग ठरवू असं बोलणं झालं होतं. घ्यायला गेलो तेव्हा त्यांचा मुलगा दारामागे उभा होता, बाहेर आला नाही. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. आता दर रविवारी व्हिडिओ कॉल असतो. ब्रूनो फोन चाटतो.

पट्टा फक्त नवऱ्याच्या हातात, साबुंना सक्त मनाई. ते ओट्यावर खुर्ची टाकून बसतात, हा त्यांच्या चपलांवर हनुवटी ठेवून पडतो, आणि साबुंना उठायचं असलं की आधी त्याची समजूत काढावी लागते. साबा त्याला बाळू म्हणतात. तो दोन्ही नावांना ओ देतो, हातात काही असलं तर तिसऱ्यालाही.

फळीवरचे बेदाणे डब्यात गेले, डबा कपाटात गेला. गणपती तीन आठवड्यांवर आलेत आणि उकडीची परात कुठे ठेवायची यावर एकमत झालेलं नाही. साबा म्हणतात फ्रिजवर. निवांत_कोथरूड, तुमची मनी किती उंच उडी मारते?