गियर ऑइल जीएल-४ टाकू का जीएल-५? (सोलापूर)

टर्बो पेट्रोल हॅचबॅक आहे, सहा गियरची मॅन्युअल, ६० हजार किमी झाले. सकाळी पहिल्यांदा दुसरा गियर टाकताना खर्र करतो, गरम झाली की गप. ओळखीचा गॅरेजवाला म्हणतो ७५डब्ल्यू-९० (ऑइलच्या जाडीचा आकडा) जीएल-५ (ऑइलचा दर्जा-प्रकार) टाक, जास्त आकडा म्हणजे भारी ऑइल. खरंय का ओ?

— थांब भावा, टाकू नको! जीएल-५ मुख्यतः डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांना ताकद वाटणारा भाग) हायपॉइड गियरसाठी असतं, त्यात दात एकमेकांवर जोरात घासतात. त्यात गंधक-फॉस्फरसवालं ॲडिटिव्ह जास्त, ते पितळी सिंक्रो रिंगला (गियर टाकताना वेग जुळवणारी कडी) बाधू शकतं आणि वर रिंगला जी पकड लागते तीच कमी होते, मग गियर अजूनच खर्र करणार. गाडीच्या मॅन्युअल पुस्तिकेत काय लिहिलंय ते बघ आधी.

— आणि सोलापूरचा उन्हाळा ४२ च्या वर म्हणून जाड ऑइल टाकू नकोस, तुझी तक्रार थंड गाडीची आहे, जाड टाकलंस की सकाळी अजून अडकणार. गियर ऑइलचा ९० बघून घाबरू पण नको, त्याची मोजपट्टी वेगळी, इंजिन ऑइलच्या ४० च्या आसपासच येतं ते.

— काम करताना वरचा भरायचा बोल्ट आधी सुटतो का बघ, मगच खालचा काढ. मी उलटं केलं, सगळं ऑइल खाली अन् वरचा बोल्ट जाम, गाडी दोन दिवस अंगणात 😅 खालच्या बोल्टला लोहचुंबक असेल तर त्याला करडा लगदा चालतो, तुकडे नाही. ऑइलमध्ये पिवळी चमक दिसली तर रिंग गेली समज.

— दादा मॅन्युअल बघितलं, जीएल-४ ७५डब्ल्यू-८० लिहिलंय. वाचलो की 🙏