गॅसच्या टाकीमागे दीडशे रुपये जास्त मागायलेत, सोलापुरात तक्रार कुठे करायची?

पूर्वभागातली: लवकर सांगा. नंबर लावून नऊ दिवस झाले. काल गाडी आली, तर पोरगा म्हणतो दीडशे जास्त द्या, युद्धामुळे सरकारनंच वाढवलंय. नाही म्हणलं तर उतरवलेली टाकी परत गाडीवर चढवली! सरकारचं ह्या भावावर लक्ष असतं की नाही?

होटगीरोड: पावतीवर किती लिहिलंय? कितव्या मजल्यावर राहता?

पूर्वभागातली: तळमजला. पावती दाखवलीच नाही. मोबाइलच्या मेसेजमध्ये जुनाच भाव आहे.

गिरणीवाल्याचा_मुलगा: 1990 च्या आखाती युद्धात आई रॉकेलचा डबा घेऊन पहाटे रांगेत उभी राहायची. हे असंच चालणार. इंडक्शन घ्या.

होटगीरोड: इंडक्शनवर भाकरी फुगत नाही. त्यांनी तक्रारीचं विचारलंय.

ताई_माहितीसाठी: उज्ज्वलाचं अनुदान येत नसेल तर आधी आधार बँकेला जोडा.

पूर्वभागातली: माझं उज्ज्वला नाही हो.

पुरवठ्यातून_निवृत्त: भाव तेल कंपन्या जाहीर करतात, पण घरगुती 14.2 किलोच्या टाकीत केंद्राचा शब्द चालतो. युक्रेन युद्धात बाहेर गॅस महागला, पण इथं घरगुती टाकीचा भाव तेवढा वाढवला नाही, म्हणून कंपन्यांना तोटा झाला, तेव्हा ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्राने त्यांना 22,000 कोटी दिले. वितरकाला स्वतःच्या मनाने रुपयाही वाढवता येत नाही. पावतीच्या रकमेत घरपोच धरलेलं असतं. टाकी हातात पडेपर्यंत ओटीपी सांगू नका. 1800-2333-555 वर तक्रार नोंदवा आणि पुरवठा कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. एवढी घाई का, दुसरी टाकी नाही?

पूर्वभागातली: एकच आहे. रोज शंभर कडक भाकरी करून विकते. तव्यावर वाळेपर्यंत गॅस लागतो.

पुरवठ्यातून_निवृत्त: हे आधी सांगायचं होतं, ताई. धंद्याला घरगुती टाकी चालत नाही, 19 किलोची घ्यावी लागते. चौकशीत तुमच्यावरच येईल.

होटगीरोड: काका, लुटणारा राहिला बाजूला आणि तुम्ही हिला धरताय? 19 किलोचा भाव तर जवळपास दर महिन्याला बदलतो. शंभर भाकरीत ते कसं परवडायचं?

पुरवठ्यातून_निवृत्त: नियम सांगितला. दीडशे मागणं चूकच आहे, अर्ज द्याच.

पूर्वभागातली: उद्या सकाळी जाते. ज्योत बसत चाललीय, पीठ दळून पडलंय. मेसेज मोबाइलवर दाखवला तर चालेल, का छापून न्यावा लागेल?