कॅटेकिझमला (चर्चच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला) मुलं आत आणि आईबाबा बाहेर गाडीत, काय करावं?

रविवारची_टीचर:
मी सहा वर्षं पॅरिशमध्ये (आमच्या भागातल्या चर्चमध्ये) पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर अर्थात ख्रिस्तशरीर पहिल्यांदा घेणाऱ्या, मुलांना शिकवते, पगारी नाही, हौसेने. यंदा २३ मुलं आहेत आणि गोड आहेत, तक्रार त्यांच्याबद्दल नाहीच. मिस्सा (रविवारची उपासना) संपली की पालक त्यांना वर्गाच्या दारात सोडतात आणि तासभर गाडीत मोबाइल बघत बसतात, मग हॉर्न. मागच्या महिन्यात विचारलं, घरी रात्री प्रार्थना कोण म्हणतं, तर चारच हात वर. त्यातले दोघं म्हणाले, आजी म्हणते, आम्ही टीव्ही बघतो. पालकांची मीटिंग ठेवली तर पाच जण आले आणि त्यातल्या दोघांना फक्त कम्युनियनच्या कपड्यांबद्दल विचारायचं होतं. कम्युनियन झालं की अर्धी मुलं गायब, ती थेट कन्फर्मेशनलाच (पुढे श्रद्धा दृढ करण्याच्या विधीला) उगवतात. आजीआजोबांपासून धाकट्या भावंडांपर्यंत सगळ्या घराला यात ओढायचं कसं? लेक्चर नको प्लीज, काय चाललं आणि काय फसलं ते सांगा.

दोन_मुलांची_आई:
गाडीत बसणाऱ्यांपैकीच मी एक, म्हणून लिहिते. आम्ही आळशी आहोत हे थोडं खरंय, पण थोडंच. खरं कारण लाज आहे हो. मुलगी म्हणाली पश्चात्तापाची प्रार्थना म्हणून दाखव, मला दुसऱ्या ओळीपुढे काही आठवेना, मग तू आधी होमवर्क कर म्हणून विषय बदलला. शेवटचं काय ते कन्फर्मेशनला शिकले होते आणि तेवढ्या शिदोरीवर आता पोरीचे प्रश्न झेलतेय. त्यात मीटिंगचं बोलावणं आलं की वाटतं आता आपलीच परीक्षा.
आधीच्या टीचरने एक केलं होतं ते मात्र लागू पडलं. आठवड्याला मुलीच्या वहीत एकच प्रश्न लिहून द्यायच्या आणि तो मुलीने मला विचारायचा. एकदा प्रश्न आला, आई तू शेवटचं कुणाला माफ केलंस? मी भांडी घासत होते, हात तिथेच थांबला. उत्तर द्यायला दोन दिवस लागले, पण त्या दोन दिवसांत आम्ही जे बोललो ते वर्षभरात बोललो नव्हतो.

जुना_कॅटेकिस्ट:
आमच्याकडे महिन्यातून एक रविवार सगळ्या वयांचा एकत्र असतो. फसलेलं आधी सांगतो. पहिल्या वर्षी सगळ्यांना जमवलं, प्रार्थना केली आणि लगेच मुलं या खोलीत, मोठे त्या खोलीत. झालं, परत तेच. मोठ्यांना प्रोजेक्टरवर ४० मिनिटं भाषण, मागे दोघं चक्क झोपले होते (एक मीच).
चाललं ते फार साधं होतं. चर्चमध्येच फिरायचं, चार-पाच जणांचा गट, प्रत्येक गटात एक लहान आणि एक म्हातारं माणूस पाहिजेच. एका पोराने विचारलं तो लाल दिवा कशाला, तर त्याच्या बाबांना सांगता येईना. टॅबरनॅकलमध्ये (चर्चमधल्या पवित्र पेटीत) ख्रिस्तशरीर ठेवलंय याची ती खूण, म्हणून तो सतत तेवत ठेवतात. बाबा म्हणाले, लहानपणापासून त्याच्यासमोर गुडघे टेकतोय, विचारलं कधीच नाही. पास्काच्या (ईस्टरच्या) मोठ्या मेणबत्तीपाशी एक आजी थांबल्या, म्हणाल्या माझ्या मुलाच्या बाप्तिस्म्याला अशीच पेटली होती आणि ह्यांच्या शवपेटीपाशीही. कुणी काही बोललं नाही मग, सगळे तसेच उभे. इतकं माझ्या कुठल्याच भाषणातून पोचलं नसतं.
आणि हे काही आजकालचं फॅड नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) १९६४ मध्येच कुटुंबाला घरगुती ख्रिस्तसभा, म्हणजे घरातलं चर्च, म्हटलंय. १९८३ च्या कॅनन लॉचं (कॅथलिक चर्चच्या कायद्याचं) कलम ७७४ सांगतं की मुलांच्या श्रद्धेची जबाबदारी सगळ्यांत आधी आईबाबांची, आणि गॉडपेरेंट्सचीसुद्धा (बाप्तिस्म्याला मुलाची हमी घेतात ते). गॉडफादर बाप्तिस्म्याच्या फोटोत दिसतो, पुढे कुठे जातो ते विचारू नका, त्यालाही बोलवा.

मागच्या_बाकावरचा:
एक स्पष्ट बोलू का? सगळं कुटुंब म्हणता तेव्हा तुमच्या डोळ्यासमोर आई-बाबा-दोन मुलं असतात. माझी बायको कॅथलिक नाही. एका ठिकाणी फॅमिली डेला माइकवरून सांगितलं, आईबाबा दोघांनी पुढे येऊन मुलाचा हात धरा, बायको बिचारी बाकावरच बसून राहिली आणि मुलगा मागे वळून वळून तिच्याकडे बघत होता. पुढच्या वर्षी आम्ही गेलोच नाही. कुणी घटस्फोटित असतं, कुणी एकटं मूल वाढवत असतं, नियम तसे करा. पुढे या आणि हात धरा वगैरे बंद, "घरातलं जे कुणी येईल ते" एवढंच लिहा कागदावर.

आजोबा_ऑनलाइन:
आमचंही ऐका. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार आजीआजोबांचा आणि ज्येष्ठांचा केला, छान केलं, पण आम्हाला त्या दिवशी फूल देतात, फोटो काढतात आणि मग वर्षभर विसरतात. काम द्या ना आम्हाला! बायबलमध्ये पौलाने आपल्या शिष्याला, तिमथीला, दुसरं पत्र लिहिलं त्यात सुरुवातीलाच त्याच्या आजीचं, लोईसचं, आणि आई युनीकेचं नाव घेऊन म्हटलंय की तुझ्यातला विश्वास आधी त्यांच्यात होता. आजी पहिली, बरं का.
नातू माझी रोझरी (जपमाळ) हातात घेऊन मणी मोजत बसला आणि म्हणाला आजोबा, चौथ्या रहस्याला (दहा मण्यांच्या चौथ्या टप्प्याला) नऊच आहेत. एक मणी कधीच तुटून हरवलाय, दहावी हेल मेरी (मरियेची प्रार्थना) मी बोटावर मोजतो. आता ती दहावी तो म्हणतो, त्याचीच झाली ती. बाकीच्या वेळी इकडेतिकडे पळत असतो, पण त्या दहावीला बरोबर येऊन उभा राहतो. मी ओरडत नाही.

रविवारची_टीचर:
सगळ्यांना थँक्यू, डोळे उघडले. मीटिंग हा शब्द आजपासून बंद. वहीतला एक प्रश्न याच रविवारी सुरू करते आणि पुढच्या महिन्यात लाल दिव्याची फेरी, कागदावर "जे कुणी येईल ते". @मागच्या_बाकावरचा तुम्ही सांगितलं नसतं तर मीसुद्धा हात धरा म्हणालेच असते. पण गाडीतल्यांना आत कसं आणू, मी जाऊन काच ठोठावू का?

दोन_मुलांची_आई:
तुम्ही नका येऊ, आम्ही मान खाली घालून मोबाइलमध्ये बघू. मुलांनाच पाठवा, आई मला एक प्रश्न येत नाहीये म्हणून. माझी तर हॉर्नपेक्षा मोठ्याने ओरडते.