प्रचाराच्या बातम्या: बाजू घेणं वेगळं, जागा विकणं वेगळं

गिरगावकर
काल इथे एकाने लिहिलं, "निवडणुकीत बातमीदाराने बाजू घेतली की तो विकला गेलाच." वाचून संताप आला, म्हणून सविस्तर लिहितो. या दोन गोष्टी एका माळेत ओवू नका. १९५७ ला आचार्य अत्रे स्वतः दादरमधून उभे होते आणि त्यांचं दैनिक 'मराठा' संयुक्त महाराष्ट्र समितीसाठी रोज गर्जत होतं. वाचणाऱ्याला ते ठाऊक होतं. याउलट २००९ ची विधानसभा आठवा. मुख्यमंत्री अशोक चव्हाणांचं गुणगान करणारा एकच मजकूर, शब्दाला शब्द तोच, एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या तीन दैनिकांत बातमी म्हणून छापून आला. पत्रकार पी. साईनाथांनी ते चव्हाट्यावर आणलं. चव्हाणांनी पेपरातल्या जाहिरातींचा खर्च दाखवला ५,३७९ रुपये! फसवणूक म्हणतात ती ही.

पार्लेकर
अर्धीच गोष्ट सांगताय. निवडणूक आयोगाने २०१४ मध्ये चव्हाणांच्या हिशेबावर ठपका ठेवला आणि त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. ते सोयीस्कर गाळलंत. तटस्थपणा लागतो तो याचसाठी.

गिरगावकर
रद्द झाला तो उमेदवारावरचा ठपका. तीन पेपरांत एकच मजकूर आला, हे त्याने पुसलं जात नाही. माझं भांडण पेपरांशी आहे.

लालबागची लेक
अत्र्यांचा दाखला मला पटत नाही. आमचे आजोबा गिरणीत होते. संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत एकजण 'मराठा' मोठ्याने वाचायचा, बाकीचे ऐकायचे. आजोबा शेवटपर्यंत सांगायचे, विरोधातला उमेदवार नेमकं काय म्हणतो ते आम्हाला कधी कळलंच नाही, त्याला घातलेल्या शिव्या तेवढ्या पाठ झाल्या. आपली बाजू सांगून टाकली म्हणजे दुसऱ्याचं म्हणणं दडपायला मोकळीक मिळते का?

काळाचौकी
फ्लोरा फाउंटनला माणसं गोळ्या खाऊन पडली आणि तुम्हाला मोरारजींचं म्हणणं छापून हवं होतं? लालबागचं नाव लावता, जरा लाज बाळगा.

लालबागची लेक
लाज काढू नका. त्या मोर्चांत आमच्याही घरची माणसं होती. मुंबई आपल्याला मिळायलाच हवी होती. पण लढा खरा होता म्हणून त्यातली प्रत्येक बातमी खरी होत नाही.

काळाचौकी
गोळ्या घालणाऱ्यांची बाजू मांडायला त्यांचं सरकार होतं. आमच्याकडे एकच पेपर होता.

पार्लेकर
आज प्रत्येक पक्षाचा पाठीराखा हेच म्हणतो, आमचं कोणी छापत नाही.

रात्रपाळी
अत्रे बाजूला ठेवा. मी उपनगरातल्या एका दैनिकात डेस्कवर होते. निवडणूक लागली की बातमीदारांना पॅकेजचं, म्हणजे उमेदवाराकडून पैसे घेऊन छापायच्या बातम्यांचं, टार्गेट मिळायचं. उमेदवाराचा माणूस पेन ड्राइव्हवर टाइप केलेली बातमी आणि फोटो आणून द्यायचा. आम्ही शुद्धलेखन तपासायचं, मथळा बसवायचा, 'प्रतिनिधी' लावून पान सोडायचं. आणि पैसे नुसते कौतुकाचे नव्हते. ज्याने पॅकेज घेतलं नाही त्याची सभा कितीही मोठी झाली तरी नाव येत नसे. एका अपक्ष बाई स्वतः ऑफिसात आल्या, प्रेस नोट टेबलावर ठेवून उभ्या राहिल्या. 'जागा नाही' हे त्यांना मला सांगायला लावलं. त्याच पानावर पॅकेजवाल्याच्या दोन बातम्या होत्या. मानधनावरच्या बातमीदाराला पगारापेक्षा जाहिरातीच्या कमिशनवर घर चालवावं लागतं, त्याच्याकडून कसला तटस्थपणा मागता?

पार्लेकर
पॅकेजचं मान्य, ते वाईटच. पण बातमीदार गरीब म्हणून मालक सुटतो का?

रात्रपाळी
मालकाला हात लावतो कोण? अशा पेड न्यूजवर प्रेस कौन्सिलच्या, म्हणजे पेपरांवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेच्या, उपसमितीने २०१० मध्ये अहवाल दिला, पेपरांची नावं घेऊन. कौन्सिलने आधी पूर्ण अहवाल बाहेरच येऊ दिला नाही. आजही आयोगाची नोटीस उमेदवाराला जाते. पेपराचं प्रकरण गेलं प्रेस कौन्सिलकडे, तर कौन्सिल समज देते, निषेध करते. दंड करायचा अधिकारच तिला नाही.

गिरगावकर
मग आधी तो अधिकार मागू या. आणि लालबागच्या ताईंचं एक कबूल करतो, समोरच्याचं म्हणणं छापायलाच हवं, मग पेपर कोणाचाही असो.

काळाचौकी
अत्र्यांना यात ओढलंत ते मला अजूनही मान्य नाही.