हृदयाच्या उजव्या कर्णिकेतला (वरच्या कप्प्यातला) गोळा: पसरलेला कॅन्सर की गुठळी?

प्रश्न: फुप्फुसाच्या कॅन्सरचा पेशंट. इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) उजव्या कर्णिकेत २ सेंमीचा गोळा, केमोपोर्टचं (केमोचं औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवलेल्या नळीचं) टोकही तिथंच. ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या गाळण्याचा अंदाज) २८, म्हणजे बराच कमी. एमआरआय कसा करावा?

प्रतिसाद १: टोक तिथं आहे म्हणजे आधी गुठळीचाच संशय. सिने (हलती चित्रं), टी१, टी२ (साध्या एमआरआय प्रतिमा) झाल्यावर गॅडोलिनियम (शिरेतून द्यायचं कॉन्ट्रास्ट औषध) देतानाच फर्स्ट-पास परफ्युजन (औषध गोळ्यात पोचतं का ते दाखवणारी चित्रं) घ्या. खरी मेख पुढं आहे. १० मिनिटांनी लेट एन्हान्समेंट (औषध कुठं साचलं ते दाखवणारी उशिराची चित्रं) घेताना इन्व्हर्जन टाइम (कोणती ऊती काळी दिसेल ते ठरवणारी मशीनवरची वेळ) ६०० मिलिसेकंदांच्या आसपास न्या. गुठळी काळीकुट्ट राहते, रक्तपुरवठा असलेली गाठ उजळते. नेहमीच्या टाइमवर गुठळीही राखाडी दिसते आणि फसगत होते. ईजीएफआर पाहता मॅक्रोसायक्लिकच (गॅडोलिनियम घट्ट धरून ठेवणारा, जास्त सुरक्षित प्रकार) वापरा, वजनाच्या दर किलोला ०.१ मिलिमोलच्या वर नको.

प्रतिसाद २: मध्यभागी सडलेली गाठही आत काळी दिसते, म्हणून कडा बघा. मात्र जुनी गुठळीसुद्धा कडेला किंचित उजळते.

प्रतिसाद ३: अडलंच तर पेट-सीटी (किरणोत्सारी ग्लुकोज देऊन गाठ शोधणारा स्कॅन). आदल्या दिवशी पोळी, भात, साखर बंद. अंडी, पनीर, तूप चालेल. मग किमान १२ तास काहीच नाही, फक्त पाणी. नाहीतर निरोगी हृदयस्नायूच ग्लुकोज ओढतो आणि गाठ झाकली जाते. ‘उपाशी’ म्हणजे काय ते नीट सांगा. साबुदाण्याची खिचडी खाऊन आले की सगळं मुसळ केरात!