मदत हवी आहे: भात न सोडता रोजचं ताट कसं बदलू?

नमस्कार मंडळी, आम्ही गोव्यात फोंड्याला राहतो. कंपनीच्या चेकअपमध्ये नवऱ्याची उपाशीपोटी साखर ११२ आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले डायबेटिस नाही पण उंबरठ्यावर आहे (उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे प्री-डायबेटिस), गोळी आत्ता नको, खाणं सांभाळा, रोज चाला, तीन महिन्यांनी परत बघू. सोबत छापील डाएट चार्ट दिलाय त्यात ओट्स, पनीर, ब्रोकोली. घरात सासूबाई आहेत, शाळेत जाणारा मुलगा आहे, स्वयंपाक एकच होतो आणि दोन्ही वेळा शीत-हुमण (भात आणि नारळाची माशाची आमटी) लागतं, तिथे हा चार्ट चालणार नाही. आणि मला खरंच वाटतं की आपलं जेवण वाईट नाहीये, प्रमाण बिघडलंय.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचली. २००० कॅलरींच्या दिवसाला धान्य कच्चं २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, डाळ किंवा मासे-अंडी ८५ ग्रॅम. आमच्याकडे नवऱ्याचा एकट्याचा तांदूळच तेवढा होतो, सकाळच्या पोयी (गोव्याचा पाव) वेगळ्या, आणि भाजी म्हणजे ताटाच्या कोपऱ्यात चमचाभर तांबडी भाजी. भात कमी वाढला की त्याला तासाभरात परत भूक लागते मग फरसाणाचा डबा उघडतो, तर त्या जागी काय वाढू ते सांगा. हुमणाला अर्धा नारळ जातो तो कमी करावा का? तिसरं म्हणजे पावसाळा, १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात, ताजी मासळी महाग, मग सुकी सुंगटां (कोळंबी) नि खारे बांगडे निघतात, पण सासूबाईंना बीपी आहे आणि मिठाची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच. त्या दिवसांत काय करता तुम्ही?

प्रतिसाद:

ताई, आमच्या डिचोलीच्या घरात बाबांसाठी हेच करावं लागलं. उकडा तांदूळ सोडू नका, फक्त वाटीने मोजून वाढा आणि आधी भाजी नि तोंडाक (कडधान्याची रस्सा उसळ) ताटात येऊ दे, भात मागनं. अळसांदे (मोठी चवळी), मूग, चवळी, वाटाणे रोज काहीतरी भिजत घाला, तोंडाक दाट करा, त्यानेच पोट भरतं. मूग गाठी (मोडाच्या मुगाची उसळ) तर मुलंसुद्धा खातात. एक लक्षात घ्या, खतखतं (मिश्र भाज्यांचा रस्सा) भाजी म्हणून करतो पण त्यात सुरण, कणगां (एक कंद), रताळी असतात, त्या दिवशी भात अजून कमी. पोयी कोंड्याची आहे का ते पोदेराला (पाववाल्याला) विचारूनच घ्या, हल्ली बऱ्याच मैद्याच्या असतात. नारळ पूर्ण बंद नको, पण हुमण असेल त्या दिवशी भाजीवर खोबरं नको आणि सोलकढीऐवजी नारळाशिवायची फुटी कढी (नुसत्या कोकमाची) करा. बांगडा रव्यात तळण्यापेक्षा तव्यावर थोड्या तेलात भाजा. पावसाळ्यात अंडी आणि कडधान्यं वाढवा, किसमूर (सुक्या मासळीची खोबरं घातलेली कोशिंबीर) कधीतरीच, आणि सुंगटां धुवून मग भाजा, वरून मीठ अजिबात घालू नका, सासूबाईंसाठी तर नाहीच.