मदत हवी आहे: व्हॉल्व्ह कंप्रेसरचा काटा झिरोवर येत नाही (रविवारी रेकॉर्डिंग!)

खरज (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. माझा रेकॉर्डिंगचा व्हॉल्व्ह कंप्रेसर आहे, म्हणजे आवाज मोठा झाला की दाबून धरणारं यंत्र. त्याच्या मीटरचा काटा झिरोवर येत नाही. झिरोचा स्क्रू पार टोकापर्यंत पिळला, तरी काटा उणे तीनवर पडून आहे. आवाज येतोय पण दबका. रविवारी आईच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग आहे, दहा बायका, आणि तारीख बदला म्हणायची माझी छाती नाही. इंदुरात व्हॉल्व्हचं काम करणारं कुणी माहीत आहे का? की घरी जमेल? लवकर सांगा.

कल्हई
कोणता कंप्रेसर? मीटरचा स्विच कशावर आहे? सिग्नल चालू असताना उणे तीन की बंद असताना? नुसतं "काटा येत नाही" म्हणजे डॉक्टरला फोनवर "दुखतंय" सांगण्यासारखं झालं.

खरज
एलए-२ए हे मॉडेल. म्हणजे त्याची नक्कल, कुणीतरी हाताने बांधलेली. एक स्टुडिओ बंद झाला तिथून घेतली. स्विच गेन रिडक्शनवर, म्हणजे आवाज किती दाबला जातोय ते दाखवतो. इनपुटला काही जोडलेलं नाही. पीक रिडक्शन, म्हणजे किती दाबायचं ते बटण, पूर्ण खाली.

महूकर
व्हॉल्व्ह बदला, विषय संपला. आतला ६एक्यू५ व्हॉल्व्ह म्हातारा झाला असेल. त्याचा युरोपियन नंबर ईएल९०, तोही चालतो. माझ्याकडे बीईएलचे (भारत इलेक्ट्रॉनिक्सचे) जुने व्हॉल्व्ह डबाभर आहेत, तीस-तीस वर्षं पडून, एकही मेला नाही. हल्लीच्या नव्या मालात तो दम नाही.

कल्हई
महूकर, प्रत्येक धाग्यावर तुमचा डबा निघतो. ६एक्यू५ चं काम आतली प्रकाशपट्टी पेटवायचं; ती जितकी उजळ, तितका आवाज दाबला जातो. तो थकला तर पट्टी मंद होईल, म्हणजे कंप्रेशन कमी होईल. इथे सिग्नल नसताना रिडक्शन दाखवतंय. रोग उलटा आहे.

महूकर
गळका व्हॉल्व्ह काहीही करू शकतो. चाळीस वर्षं अँप्लिफायर दुरुस्त करतोय मी.

कल्हई
मग काढून बघू दे की त्यांना. खरज, बंद करा, ६एक्यू५ उपसा, परत चालू करा. तरी उणे तीन असेल तर व्हॉल्व्ह निर्दोष. मात्र आधी प्लग काढून दहा मिनिटं थांबा आणि मोठ्या कपॅसिटरवर व्होल्टमीटर लावून खात्री करा. आत अडीचशेच्या वर डीसी असतं. एक हात खिशात.

बाराखडी
एवढा व्याप कशाला? लॅपटॉपमध्ये याचं प्लगिन, म्हणजे सॉफ्टवेअरमधली नक्कल, मिळतं. गरम होत नाही, शॉक देत नाही.

खरज
प्लगिन विचारलं नव्हतं.
६एक्यू५ काढला. काटा तिथेच. महूकर काका, सॉरी.

लामणदिवा
ती प्रकाशपट्टी ज्यात असते तो टी४ चा बंद डबा तुम्ही उघडला होता का? खरं सांगा.

खरज
परवा उघडला. आत काय असतं ते बघायचं होतं. संध्याकाळभर टेबलावर होता, ट्यूबलाइटखाली. परत लावला तर हे असं. पण तोडलं काहीच नाही!

लामणदिवा
हे पहिल्या वाक्यात हवं होतं, दादा. आतले कॅडमियम सल्फाइडचे प्रकाशरोधक उजेडाची आठवण धरून बसतात. संध्याकाळभर ट्यूबलाइट खाल्ल्यावर अंधारात त्यांचा रोध पूर्ण चढायला काही तास, कधी अख्खा दिवस लागतो. तोवर रोध कमी, म्हणजे यंत्राला वाटतं पट्टी पेटलीय. म्हणून काटा खाली आणि आवाज दबका. डबा नीट बंद करून उद्या संध्याकाळपर्यंत ठेवून द्या. स्क्रूला हात लावू नका.
आणि आत्ता एक करा. खोली अंधारी करा, काट्याकडे बघत डब्याच्या बुडाशी मोबाइलचा टॉर्च धरा.

खरज
अरे देवा. टॉर्च धरला की काटा उणे सातवर. हात आडवा केला की सरकत सरकत वर येतो. बुडाशी पिनांच्या भोवती काळं काहीतरी लावलेलं होतं, ते उघडताना मीच खरवडलं असणार. मला वाटलं जुना गोंद.

मालवी_मिरची
काय करून राहिले भिया! त्या गोंदाचेच पैसे असतात. 😀

महूकर
मालवा हाऊसला, म्हणजे इथल्या आकाशवाणीत, जुने इंजिनियर होते, त्यांना डब्यावर बोट ठेवायची हिंमत नव्हती कुणाची. आकाशवाणी इंदूर १९५५ ची. तेव्हाची माणसं आधी नकाशा वाचायची, मग स्क्रू ड्रायव्हर उचलायची. रात्रपाळी संपली की सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, भुट्ट्याचा कीस. आता तिथे पाय ठेवायला जागा नाही.

मालवी_मिरची
काका, कीस अजून मिळतो. गर्दीत शिरायची तयारी पाहिजे.

खरज
(दुसऱ्या दिवशी) काळी इन्सुलेशन टेप दोन थर, वर झाकण. रात्रभर बंद ठेवला. सकाळी चालू केल्या केल्या उणे एक, वीस मिनिटांनी उणे अर्ध्यावर, तिथून स्क्रूने झिरो. धन्यवाद!! आता आउटपुट मोजतोय. एक किलोहर्ट्झचा सूर देऊन मीटर झिरो केला तर मल्टिमीटरवर २.४५ व्होल्ट. १.२२८ हवेत ना? बरोबर दुप्पट. मीटर गेला का?

कल्हई
मीटरचा स्विच कुठे आहे? आउटपुटच्या +४ वर की +१० वर?

खरज
...+१० वर.

कल्हई
मग २.४५ अगदी बरोबर. +४ वर न्या, १.२२८ दिसेल. यंत्र ठीक आहे, माहिती अर्धी येते. मल्टिमीटर ट्रू आरएमएस आणि एक किलोहर्ट्झला खरा आहे ना, तेवढं पाहा; स्वस्तातले पन्नास हर्ट्झसाठीच बनवलेले असतात.

लामणदिवा
मागच्या बाजूचा आर३७ हा छोटा स्क्रू फिरवला नाही ना? पूर्ण घड्याळाच्या दिशेने म्हणजे सपाट, सगळे सूर सारखे दाबतो. उलटा फिरवाल तर वरच्या सुरांवर जास्त दाबेल. भजनात झांजा असतील तर त्याचा उपयोगही होतो, पण आधी सपाट ऐका.

खरज
झांजा आहेत. दोन जोड्या. काटा संध्याकाळी पुन्हा अर्धं घर सरकला, का?

महूकर
स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावलाय का?

खरज
हो, महाराणी रोडवरून आणला. ११५ चा. सांगायचं राहिलं.

महूकर
झालं! तो व्होल्टेज नुसतं निम्मं करतो. आमच्याकडे रात्री लाइन २५० होते, म्हणजे १२५. व्हॉल्व्हच्या हीटरचे ६.३ व्होल्टचे ६.८ होतात आणि एचटीही, म्हणजे आतलं ते मोठं डीसी, चढते. मीटरला रेग्युलेशन नाही, मग काटा हलणारच. स्टॅबिलायझर लावा. झिरो रेकॉर्डिंगच्या वेळेलाच करा, तापवून. माझा डबा नको होता, हे मान्य.

खरज
काका, रविवारी बायका जमल्या की फोटो टाकतो. झाकण लावलेला.